शेंडे राखून केलेली छाटणी

विलेपार्ले पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूस, पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या जेमतेम वीस फुटांच्या पट्ट्यात, चिकूचे एक झाड आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, 1996 च्या पावसाळ्यात डहाणूहून कालीपत्ती जातीचे कलम आणून ते तेथे लावले. विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या ये-जा करण्याच्या वाटेखालच्या उंचीबंदीच्या पट्ट्यामुळे, आमच्या भागातील इमारती फार उंच गेलेल्या नाहीत आणि त्यामुळे या मागच्या पट्ट्यातही दिवसाचे चार-साडेचार तास ऊन येते. एरवी डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजाने बोलणे अर्धवट सोडावे लागते. त्या त्रासाची तेवढीच एक भरपाई. कलम असल्यामुळे झाडाने चौथ्या वर्षीच पहिली फळे दिली आणि पुढे पंधराएक वर्षे दर मे महिन्यात आमच्या जिन्यावरच्या प्रत्येक घरी चिकूची पिशवी जात असे. आप्पा फळे मोजून वहीत लिहीत. सर्वांत चांगल्या वर्षी तो आकडा 312 होता. 2020 साली तो 11 झाला, आणि तो लिहायला आप्पा नव्हते.

हे असे का झाले, याचे उत्तर मला बराच काळ ठाऊक नव्हते. पण कारण माझ्या डोळ्यांसमोरच घडले होते. 2017 च्या मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची कामे म्हणून, सोसायटीने एका कंत्राटदाराकडून आवारातील सगळ्या झाडांची छाटणी करून घेतली. चिकूच्या फांद्या पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना टेकत होत्या, त्याबद्दल तक्रारीही होत्या. कंत्राटदाराच्या माणसांनी लांब दांड्याच्या कोयत्याने झाडाचा घेर चहूबाजूंनी सारख्या मापात उतरवला आणि संध्याकाळी झाड एखाद्या हिरव्या चेंडूसारखे गोल दिसू लागले. मी स्वतः खिडकीतून पाहून त्यांना चहा पाठवला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. त्यानंतरची दोन वर्षे झाडाला जवळजवळ फूलच आले नाही. मी खत घातले, पाणी वाढवले, पाणी तोडून पाहिले, एका शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मुळाशी ताकही ओतले. झाड हिरवेगार, दाट आणि निष्फळ राहिले.

2021 च्या सप्टेंबरमध्ये नणंदेचे सासरे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पार्ल्यात येऊन राहिले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. घोलवडजवळ त्यांची चिकूची वाडी आहे, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हापासून त्या विषयावर त्यांचा शब्द आमच्या नात्यात शेवटचा मानला जातो. शस्त्रक्रिया अजून व्हायची होती, नजर धूसर होती, तरीही ते झाडाखाली गेले, खोडाला हात लावून एक फेरी मारली आणि मला म्हणाले, “पोरी, भिंतीकडच्या बाजूचं एक पान आण आणि टाकीकडच्या बाजूचं एक आण.”

ती दोन पाने त्यांनी तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. टाकीकडचे पान दोन्ही टोकांना निमुळते होते. भिंतीकडचे पान टोकाशी रुंद आणि गोलसर होते आणि त्या टोकाच्या अगदी मधोमध, कोणी नखाने टोचावे तशी, बारीकशी खाच होती. पंचवीस वर्षे त्या झाडाखालून ये-जा करून मला हा फरक दिसला नव्हता. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. ज्या झाडाची पिवळी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान फळे उन्हाळ्यात मुंबईच्या बाजारात रांजणे म्हणून मिळतात, तीच ही खिरणी. तिची मुळे काटक असतात म्हणून ती खाली आणि चिकू वर. कलमाच्या जोडाखाली खुंटाला फूट आली तर ती लगेच मोडून टाकायची असते. आमच्या झाडाला अशी फूट भिंतीच्या बाजूने, कोणाला सहज दिसणार नाही अशा जागी आली होती आणि तिचे आता मनगटाहून जाड दुसरे खोडच झाले होते. झाडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा चिकू नव्हताच. जो भाग सर्वांत जोमदार आहे म्हणून मी कौतुकाने पाहत होते, तो चिकूच्या वाट्याचे ऊन आणि पाणी घेऊन बसलेली खिरणी होती.

दुसरी गोष्ट त्यांनी फांदी वाकवून दाखवली. चिकूची फांदी शेंड्याशी पानांचा झुबका करते. खाली फांदी उघडी राहते आणि टोकाला दहा-बारा पाने चक्राकार बसतात. कळ्या येतात त्या या झुबक्यातल्या पानांच्या बेचक्यांत. म्हणजे फळ धरण्याची जागा फांदीच्या टोकाशी असते. मेंदीचे कुंपण कातरावे तसे हे झाड कातरले, तर आपण नेमकी फळांचीच जागा कापून टाकतो. कापलेल्या टोकाशी मग एकाऐवजी तीन-चार बारीक फुटी निघतात, त्या एकमेकींना चिकटून वाढतात आणि बाहेरून पानांचे जाड कवच तयार होते, ज्याच्या आत उजेड शिरत नाही. मी त्या कवचात डोके घालून पाहिले. आत भर दुपारी संध्याकाळसारखे वाटत होते. फांद्या उघड्या, राखाडी, कित्येक पूर्ण वाळलेल्या, आणि मधूनमधून अळीने जाळे विणून एकत्र ओढलेल्या पानांचे गुंडाळे.

चिकू सावकाश वाढतो, म्हणून ही चूक महागात पडते. शेवग्याची फांदी कशीही तोडली तरी सहा महिन्यांत ती आपली चूक पुसून टाकते. चिकूबद्दल मी पुढच्या वर्षी स्वतः मोजून पाहिले: बारा फांद्यांना दोरे बांधून त्यांची लांबी लिहून ठेवली, तेव्हा वर्षभरात सर्वांत जास्त वाढलेली फांदी साडेसहा इंच वाढली होती आणि सर्वांत कमी वाढलेली दीड इंच. कोयत्याच्या एका फटक्यात दोन फूट फांदी गेली, याचा अर्थ काय होतो ते त्या वहीत मला पहिल्यांदा नीट दिसले.

तात्यांनी सांगितलेला नियम थोडक्यात असा होता की फांदी काढायची तर ती जेथून निघाली तेथून पूर्ण काढायची, ठेवायची तर शेंड्यासकट ठेवायची. अर्ध्यात कापायचे नाही. शिवाय एका वर्षात चिकूच्या एकूण घेराच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक काढायचे नाही, कारण पाने हेच झाडाचे भांडवल. मी त्यांना विचारले की या हिशेबाने तीन वर्षे चालणारी ही छाटणी आपण एकदाच का उरकत नाही. ते हसले आणि म्हणाले, “उपाशी माणसाला एका पंगतीत जेवू घालतेस का?” आप्पा असते तर त्यांनी हे वहीत लिहिले असते. मी लिहिले.

वेळ कोणती धरावी, हा प्रश्न मला वाटला होता त्याहून अवघड निघाला. आंब्यासारखे फळे उतरली, झाड मोकळे झाले, आता छाटा, असे चिकूत होत नाही. फूल उमलल्यापासून फळ काढणीला येईपर्यंत सात ते दहा महिने जातात आणि मधल्या काळात नवी फुले येतच राहतात, त्यामुळे एकाच फांदीवर कळी, सुपारीएवढे फळ आणि तयार फळ अशी तिन्ही एकदम दिसतात. चिकूला रिकामा काळ नसतो. केव्हाही कापले तरी काही ना काही गमवावे लागते. म्हणून आम्ही झाडाच्या बहराऐवजी जखमांचा विचार केला. मुंबईच्या पावसात ओली जखम बुरशीला आमंत्रण देते आणि एप्रिल-मेच्या उन्हात उघडी पडलेली साल भाजते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा कोरडा आणि त्या मानाने सौम्य असतो, तो ठरवला.

त्याआधी परवानगीचे काम होते. मुंबईत झाड आपल्या आवारात असले तरी ते आपल्या मर्जीने कापता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे आणि फांद्यांच्या छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो. सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांच्या सहीने अर्ज गेला, सोबत मी काढलेली छायाचित्रे जोडली. जागेची पाहणी करायला आलेल्या गृहस्थांना मी खिरणीचे पान आणि चिकूचे पान दाखवले, त्यावर त्यांनी ती दोन्ही पाने स्वतःच्या डायरीत ठेवून घेतली. परवानगी वेळेत मिळाली.

पहिल्या वर्षी आम्ही तीनच गोष्टी काढायचे ठरवले: खिरणीचे खोड, पूर्ण वाळलेल्या फांद्या आणि एकमेकींवर घासून साल सोललेल्या फांद्यांपैकी एकेक. काढायच्या फांद्यांना मी आधी चार दिवस लाल दोरा बांधून ठेवला. हे चार दिवस फार उपयोगी पडले, असे माझे मत आहे. शिडीवर उभे राहून हातात करवत असताना माणसाला सगळेच काढावेसे वाटते; खाली खुर्ची टाकून सकाळ-संध्याकाळ झाड पाहिले की निम्मे दोरे सोडावेसे वाटतात. मी सात दोरे सोडले आणि दोन नवे बांधले.

कामासाठी आमच्याकडे कुंड्या बघायला येणाऱ्या माळीबुवांना बोलावले. कोयता आणायचा नाही, करवत आणि सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची कात्री, एवढेच आणायचे, असे मी त्यांना बजावून सांगितले होते. त्याचा त्यांना थोडा रागही आला. खिरणीचे खोड भिंतीवर पडू नये म्हणून ते वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवले. जाड फांदी कापताना आधी जोडापासून हातभर अंतरावर खालच्या अंगाने तिसऱ्या हिश्श्यापर्यंत काप घ्यायचा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापायचे, म्हणजे फांदी स्वतःच्या वजनाने मोडताना खोडाची साल ओरबाडून नेत नाही. उरलेला खुंटा शेवटी वेगळा कापायचा. हा शेवटचा काप खोडाला अगदी लागून घ्यायचा नाही. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सुरकुत्या पडलेली फुगीर कड असते, ती शाबूत ठेवून तिच्या बाहेर घ्यायचा, कारण जखम त्याच कडेपासून भरत येते. माळीबुवांनी पहिल्या दोन फांद्या नेहमीच्या सवयीने एकाच कापात उतरवल्या आणि दुसरीने बोटभर रुंद, वीतभर लांब सालीची पट्टी सोबत नेली. ती जागा आजही पूर्ण भरलेली नाही.

चिकूचा चीक हे या कामातले स्वतंत्र प्रकरण आहे. मध्य अमेरिकेतील याच झाडाच्या चिकापासून एके काळी च्युइंगम बनत असे, हे मी शाळेत कधीतरी वाचले होते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. काप घेताच पांढरे दूध थेंबाथेंबाने गळू लागते, दहा मिनिटांत करवतीचे दात भरून जातात आणि ती लाकडात अडकून बसते. रॉकेलच्या फडक्याने करवत पुसत राहावे लागले. हाताला खोबरेल तेल लावून घ्यायला मी विसरले, त्यामुळे रात्री भाकरी थापताना पीठ कोठे संपते आणि चीक कोठे सुरू होतो, ते समजत नव्हते.

जखमांवर लावायला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, मी घरीच केली. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवला, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत अर्धा लिटर पाण्यात विरवून गाळून घेतला, आणि सकाळी दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतून काठीने ढवळले. धातूचे भांडे चालत नाही. मिश्रण आकाशी निळे, दह्यासारखे झाले. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून पाहायची असते. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे आणि आणखी चुना हवा. माझ्या सुरीवर पहिल्या वेळी थर चढला, दोन चमचे चुना वाढवल्यावर चढला नाही. अंगठ्याएवढ्या आणि त्याहून जाड प्रत्येक कापावर ब्रशने ती पेस्ट लावली. पुढे कित्येक दिवस ते निळे ठिपके पाहून मुले विचारत होती की झाडाला काय झाले आहे.

मुळांकडे लक्ष गेले ते त्याच वेळी. खोडाभोवती थेट सालीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. सचिवांशी बोलून चारही बाजूंनी तीन-तीन फुटांपर्यंतचे ब्लॉक उचलले, खालची सिमेंटमिश्रित रेती काढून टाकली आणि तेथे तीन घमेली शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड मिसळून लाल माती भरली. आळे खोडाला न चिकटवता थोडे दूर केले, पावसात पाणी बुंध्याशी साचू नये म्हणून.

पहिल्या वर्षाचा निकाल मला हताश करणारा होता. 2022 च्या मेमध्ये सात फळे मिळाली, म्हणजे काही न करता मिळत होती त्याहूनही कमी. सोसायटीच्या वार्षिक सभेत कोणीतरी विनोद केला की प्रत्येक चिकूमागे किती खर्च आला ते हिशेबात दाखवावे. मी तात्यांना फोन केला. त्यांनी फळांची चौकशीच केली नाही. झाडाच्या पोटात, जाड फांद्यांवर, नवी फूट दिसते का एवढेच विचारले. मी जाऊन पाहिले. पाच वर्षे उघड्या राहिलेल्या राखाडी फांद्यांवर तांबूस, मखमली कोवळी टोके आली होती. खुंटाच्या बाजूनेही तीन फुटी आल्या होत्या, खाच असलेल्या पानांच्या. त्या त्याच दिवशी अंगठ्याने मोडल्या. हे काम तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला दूधवाल्याच्या हिशेबाबरोबर चालू आहे.

दुसऱ्या नोव्हेंबरात खरी छाटणी झाली. 2017 च्या कोयत्यामुळे प्रत्येक टोकाशी जो तीन-चार फुटींचा गुंता झाला होता, तो सोडवायचा होता. प्रत्येक झुबक्यापाशी शिडी लावायची, सर्वांत सशक्त आणि बाहेरच्या दिशेने जाणारी फूट निवडायची, बाकीच्या मुळापासून सिकेटरने काढायच्या आणि निवडलेलीच्या शेंड्याला हात लावायचा नाही. तीन दिवस लागले. शिवाय चिकूच्या फांद्या मजल्यामजल्याने, छत्रीवर छत्री ठेवावी तशा निघतात. त्यातली मधली एक छत्री जेथे फारच दाटली होती तेथून दोन मोठ्या फांद्या काढल्या, म्हणजे दोन थरांमधून ऊन आत जाईल. नैऋत्येकडची बाजू मात्र मुद्दाम दाट ठेवली, दुपारचे कडक ऊन थेट जुन्या सालीवर येऊ नये म्हणून. पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकणारी फांदी शेंडा न छाटता पूर्ण काढली, आणि तेथील वहिनींना जे हवे होते तेही त्यात झाले. काम संपल्यावर झाड विस्कटलेले, विरळ दिसत होते. गोल चेंडूची सवय झालेल्या डोळ्यांना ते रुचले नाही.

फूल मी पहिल्यांदा जवळून पाहिले ते पुढच्या फेब्रुवारीत. बाहेरून ते तपकिरी, लव असलेले, शेंगदाण्याच्या दाण्याएवढे असते. आतली मलईच्या रंगाची घंटा जेमतेम उघडते. उघडण्याआधीच तिच्या तोंडातून एक बारीक हिरवट सुई बाहेर डोकावते. तो स्त्रीकेसर. फळ धरले की हीच सुई वाळून फळाच्या टोकाला काट्यासारखी राहते आणि फळ तयार होत आले की हात लावताच गळते. एका झुबक्यात मला नऊ कळ्या मोजता आल्या. त्यांतल्या दोन धरल्या. बाकीच्या गळाल्या तेव्हा मी घाबरले होते, पण एवढी गळ चिकूत नेहमीचीच. कळी पोखरणारी अळी दिसली तेथे पाच टक्के निंबोळी अर्काच्या तीन फवारण्या केल्या; झाड मोकळे झाल्यामुळे फवारा आतपर्यंत पोहोचला, पूर्वी तो बाहेरच्या पानांवरून ओघळून माझ्याच अंगावर येत असे.

2023 मध्ये 64 फळे झाली, 2024 मध्ये 171. घोलवडच्या वाडीत पूर्ण वाढलेले झाड वर्षाला हजाराच्या वर फळे देते, त्यापुढे हा आकडा किरकोळ आहे, आणि त्यातलाही काही वाटा रात्री वटवाघळे घेऊन जातात. फळ उतरवण्यापूर्वी मी आता आप्पांसारखेच नखाने हलका ओरखडा काढून पाहते: आत हिरवे दिसले आणि दूध आले तर राहू द्यायचे, पिवळसर दिसले आणि अंगावरची तपकिरी भुकटी अंगठ्याने सहज पुसली गेली तर उतरवायचे. मग गवतात घालून पाच-सहा दिवस. यंदा जिन्यावरच्या आठही घरी पिशव्या गेल्या, फक्त त्या लहान होत्या.

टाकीवर झुकलेली एक फांदी अजून काढायची आहे. तिला लाल दोरा बांधून तिसरे वर्ष लागले. दोन्ही वेळा नोव्हेंबरमध्ये तिच्यावर फळे होती म्हणून करवत परत कपाटात गेली. काल मोजली तेव्हा तिच्यावर चौदा होती, त्यांतली तीन माझ्या मुठीएवढी. दोऱ्याचा रंग उडून तो गुलाबी झाला आहे.